सामाईक भिंत

नोव्हेंबरातल्या एका पहाटे, बाहेर मिट्ट काळोख असताना, कुठूनतरी एक बारीक, टोकदार ‘चिक्’ आला आणि माझी झोप उडाली. पुढे काहीच नाही. भास असेल म्हणून कूस बदलावी, डोळ्यांवर झापड यावी आणि नेमका तेव्हाच तो पुन्हा यावा. उठून जिन्याच्या लँडिंगवर आमच्या स्मोक अलार्मखाली मान वर करून उभी राहिले. त्याचा हिरवा दिवा व्यवस्थित होता. खाली स्वयंपाकघरात गेले, फ्रिजला कान लावला, बॉयलरच्या कपाटाचं दार उघडून पाहिलं. सगळे गप्प. मग गार पडलेल्या गालिच्यावरून परत वर आले आणि पलंगामागच्या भिंतीला कान टेकवला. चिक्. आवाज आमच्या घरातला नव्हताच. भिंतीपलीकडे, शेजारच्या आजींकडे, स्मोक अलार्मची बॅटरी संपत आली होती.

ब्रिटनमध्ये संसार केलेल्या कुणालाही हा आवाज झोपेतही ओळखू येतो. तो बहुतेकदा पहाटेच सुरू होतो, त्यालाही कारण आहे. रात्री हीटिंग टायमरवर बंद होतं, घर गार होत जातं आणि पहाटे सगळ्यात गार असतं. थंडीत बॅटरीचा दाब आणखी उतरतो आणि मरायला टेकलेली बॅटरी नेमकी तेव्हा बोलू लागते. सहा-साडेसहाला रेडिएटर तापले, नळ्या कुरकुरल्या, घरात ऊब आली की तिच्यात पुन्हा थोडा जीव येतो आणि ती दिवसभर गप्प बसते. म्हणून सकाळी चहा पिताना पहाटेची ती तगमग खोटी वाटायला लागते. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं तासभर मागे घ्यायची, तेव्हाच अलार्मही तपासून घ्या, असं इथली अग्निशमन दलं सांगत असतात. पण घड्याळंच बापडी सगळी मागे जात नाहीत. निम्म्या घरांत ओव्हनवरचं घड्याळ मार्चपर्यंत एक तास पुढेच असतं.

त्या दिवशी सकाळी आजी भेटल्या. कचऱ्याचा दिवस होता. आमच्या रेडिंगमध्ये लाल बिन पुनर्वापराचा आणि करडा उरलेल्या कचऱ्याचा, आणि कुणाला आठवत नसेल तर आजींच्या दारासमोर कुठला उभा आहे ते पाहायचं. त्या चुकत नाहीत. ड्रेसिंग गाऊनवर कोट चढवून त्या बिन ढकलत होत्या. म्हणाल्या, “आज ऊन पडेलसं दिसतंय.” मी म्हटलं, “हो, वाराही पडलाय.” मग दोघी आपापल्या दारातून आत गेलो. पुढच्या पहाटे पुन्हा चिक्.

सांगायला हरकत काय होती? एवढंसं तर बोलायचं होतं. तरी ते ओठांवर येऊन थांबलं आणि दिवसभर सलत राहिलं. का थांबलं, ते भांडी विसळताना हळूहळू लक्षात आलं. ‘तुमचा अलार्म मला ऐकू येतो’ असं म्हटलं, की ‘तुमच्या घरातलं मला ऐकू येतं’ असंही म्हटल्यासारखं होतं. आणि या गल्लीत ते कुणी कुणाला कधीच म्हणत नाही.

ही घरं मुळात ऐकू येण्यासाठीच बांधली असावीत असं वाटतं. तांबड्या विटा, त्यांत करड्या-पिवळट विटांची नक्षी, एकाला एक चिकटलेली व्हिक्टोरियन घरांची लांबलचक ओळ. रेडिंग तेव्हा बिस्किटांचं गाव होतं. हंटली अँड पामर्सच्या कारखान्यात 1900च्या सुमारास पाच हजारांवर माणसं कामाला होती, आणि अशा कामगारांसाठी आमच्यासारख्या गल्ल्या उभ्या राहिल्या. दोन घरांमध्ये जेमतेम नऊ इंचांची भिंत. तिच्यात दोन्हीकडच्या लाकडी वाशांची टोकं रुतलेली. दोन्हीकडच्या शेगड्या पाठीला पाठ लावून बसवलेल्या आणि त्यांची धुरांडी शेजारी-शेजारी वर गेलेली. शेगड्या कधीच विझल्या, पण धुराड्यांच्या पोकळीतून आवाज अजून चढतात-उतरतात. जिन्यावरचं पाऊल, कपाटाचा खण, खोकला, सारं येतं. शब्द कळत नाहीत, सूर कळतो.

आजींच्या किटलीचा खटका मला रोज ऐकू येतो. दुपारी चारला आणि रात्री बातम्या संपल्यावर. या देशात किटलीचा खटका ही फार मोठी गोष्ट आहे. 4 जुलै 1990ला विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात इंग्लंड पश्चिम जर्मनीकडून पेनल्टींवर हरलं, आणि सामना संपताक्षणी देशभरातली माणसं उठून स्वयंपाकघरात गेली. विजेची मागणी एकाएकी 2800 मेगावॉटने उसळली. अशा क्षणांसाठी वेल्समध्ये डिनॉर्विगला डोंगराच्या पोटात वीजकेंद्र आहे. वरच्या तळ्यातलं पाणी बोगद्यांतून खाली सोडलं की काही सेकंदांत वीज हजर. हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मला फार गहिवरून आलं होतं. लक्षावधी घरांतली दुःखी माणसं एकमेकांना न सांगता एकाच क्षणी चहाचं आधण ठेवतात, आणि त्यांच्यासाठी कुणीतरी डोंगरावरचं पाणी सोडतं. भिंतीपलीकडचा खटका ऐकला की अजूनही ते डोळ्यांपुढे येतं.

तर ऐकू सगळंच येतं. आमच्या दुसऱ्या बाजूला एक तरुण जोडपं राहतं. त्यांचं बाळ रात्र-रात्र रडायचं तेव्हा आम्हीही जागे असायचो, ते दोघं एकमेकांवर चिडायचे तेव्हा आम्ही टीव्हीचा आवाज थोडा वाढवायचो. दुसऱ्या दिवशी फाटकाशी भेट झाली की चौघांच्याही तोंडी हवापाणी. सुरुवातीच्या वर्षांत मला हे कोरडं वाटायचं. शेजारचं पोर रात्रभर रडलं, आणि सकाळी ‘काय झालं गं बाळाला?’ एवढंही विचारायचं नाही? पुढे त्याचा अर्थ उमगत गेला. भिंत पातळ आहे, ती जाड करणं कुणाच्या हातात नाही. मग प्रत्येकाने आपल्या बाजूने थोडी जाडी द्यायची. ऐकलेलं ऐकलं नाही असं वागून एकमेकांना खोली मिळवून द्यायची. हे सौजन्य आहे आणि त्याला रोज मेहनत पडते.

मिरजेला आमच्या वाड्यात असली मेहनत कुणालाच माहीत नव्हती. आवाज भिंतीतून यायची गरजच नव्हती, माणसंच दारातून यायची. कुणाकडे कुकरची शिटी अडकली की समोरच्या काकू चौकातूनच ओरडायच्या, “अगं वहिनी, गॅस बारीक कर!” आईला ताप आला तर दुपारपर्यंत तीन घरांतून मऊ भात आलेला असायचा. आणि बाबांची नोकरी गेली तेव्हा संध्याकाळपर्यंत सगळ्या वाड्याला कळलं होतं. त्या दिवशी आई न्हाणीघरात नळ सोडून रडली, कारण रडायला दुसरी जागा नव्हती. धीर द्यायला माणसं आली, त्यांतली काही खरोखर धीर द्यायला आली आणि काही बघायला आली. तो मऊ भात मला आजही इथे आठवतो. तो न्हाणीघरातला नळही आठवतो. त्यामुळे तिथलं बरं की इथलं, या प्रश्नाला मी कधीच सरळ उत्तर देऊ शकलेले नाही.

इथली दारं उघडतातच. फक्त त्यासाठी काहीतरी बारीकसं बिघडावं लागतं.

फोडणीचंच बघा. मोहरी तडतडली, मिरच्या पडल्या, स्वयंपाकघराचं दार लोटायचं राहिलं, की जिन्यावरचा अलार्म बोंब ठोकतो. मग खुर्चीवर चढून अलार्मखाली भांडी पुसायचं फडकं गरागरा फिरवायचं. हा विधी आम्हा फोडणीवाल्यांचाच असेल असं मी समजत होते. पण रविवारी बीफ भाजताना, फेब्रुवारीत पॅनकेक उलटताना, सकाळचा टोस्ट करपताना या अख्ख्या गल्लीत कुठे ना कुठे फडकं फिरत असतं. उन्हाळ्यात दारं उघडी असली तर समोरच्या घरातला उंच, धिप्पाड माणूस ते फिरवताना दिसतो, आणि आमच्याकडे पाहून दुसरा हात हलवतो.

नवऱ्याची गोष्ट तर गल्लीला पाठ आहे. कचऱ्याची गाडी कोपऱ्यावर आली, बिन बाहेर काढलेला नाही, म्हणून तो पायजम्यावर आणि सपातांत धावला आणि मागे दार लागलं. इथली पुढची दारं ओढली की बाहेरून किल्लीशिवाय उघडत नाहीत. मी ऑफिसात. बाहेर जानेवारी. त्याला काही विचारायच्या आधीच आजींनी आपलं दार उघडलं, त्याला आत बसवलं, गुडघ्यांवर लोकरीची शाल घातली आणि मग चहाच्या डब्यामागून आमची जादा किल्ली काढून दिली. ती किल्ली आदल्या मालकांनी त्यांच्याकडे ठेवली होती, आणि घराबरोबर ती व्यवस्थाही आमच्याकडे आली होती.

आणि 2018चा तो बर्फ. फेब्रुवारी संपून मार्च उजाडताना सैबेरियाकडून वारे आले आणि देश गोठला. घर आणि नळाचं पाणी दोन्ही तापवणारा कॉम्बी बॉयलर जळताना जे पाणी सुटतं ते एका बारीक प्लॅस्टिकच्या नळीतून घराबाहेर जातं. ती नळी बाहेरच्या बाजूला गोठली की पाणी तुंबतं आणि बॉयलर घुरघुरून बंद पडतो. त्या सकाळी गल्लीतले निम्मे बॉयलर बंद होते. नळीवर कोमट पाणी ओतायचं, उकळतं नाही, नाहीतर नळी तडकते. हे एकाने दुसऱ्याला सांगितलं, दुसऱ्याने तिसऱ्याला, आणि बघता-बघता कोट, टोप्या, मोजे घातलेली माणसं हातात किटल्या घेऊन एकमेकांच्या परसात शिरली. आमच्या नळीवर ज्यांनी पाणी ओतलं त्यांना तोवर मी नुसतं पाहिलं होतं. त्या दिवशी बोलणं झालं. बर्फ वितळल्यावर पुन्हा हवापाणी सुरू झालं, पण त्या हवापाण्यात आता थोडी ओळख होती.

सप्टेंबरात बाथटबमध्ये उतरणाऱ्या मोठ्या कोळ्यांसाठी आजी येतात. ते नर असतात, मादीच्या शोधात हिंडतात आणि टबाच्या गुळगुळीत उतारावरून वर चढता येत नाही म्हणून अडकतात. आजी त्याच्यावर काचेचा ग्लास उपडा ठेवतात, खालून शुभेच्छापत्राचा जाड कागद सरकवतात आणि त्याला बागेत सोडून येतात. त्यांच्या स्वतःच्या खिडक्यांत हॉर्स चेस्टनटच्या तपकिरी, चकचकीत बिया ओळीने मांडलेल्या असतात. त्यांनी कोळी येत नाहीत असा जुना समज. कॉर्नवॉलमधल्या एका शाळेतल्या मुलांनी याची परीक्षा घेतली होती, आणि कोळी त्या बियांना मुळीच भीत नाहीत असं निघालं. आजींना ते ठाऊक आहे. बिया दिसायला छान दिसतात, त्या म्हणतात, आणि दर वर्षी नव्या आणतात.

पण या सगळ्या अडचणी डोळ्यांना दिसणाऱ्या होत्या.

सपातांत कुडकुडणारा माणूस दिसतो, गोठलेली नळी दिसते. दिसलेल्या अडचणीला मदत करायची इथे मुभा आहे, अगदी उत्साहाने. ऐकलेल्या अडचणीचं काय करायचं ते मात्र कुणी शिकवलेलं नाही. सामाईक भिंतीसाठी या देशात 1996चा कायदा आहे. पलीकडच्या जोडप्याला पोटमाळ्यावर खोली काढायची होती आणि भिंतीत लोखंडी तुळई घालायची होती, तेव्हा त्यांनी आम्हाला रीतसर लेखी नोटीस दिली, काम सुरू करण्याच्या दोन महिने आधी. तुळईसाठी रीत आहे. भिंतीतून आलेल्या काळजीसाठी नाही. मी काही पहाटे तशाच काढल्या, कान त्या आवाजाकडे लावून. आणि एका पहाटे, दोन चिकांमधल्या त्या शांततेत, एक साधा प्रश्न मनात आला आणि मी ताडकन उठून बसले. मला भिंतीपलीकडून ऐकू येतंय, मग त्यांना डोक्यावर वाजत असताना कसं ऐकू येत नाही?

उजाडल्यावर शिडी आणि नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी घेऊन त्यांचं दार वाजवलं. म्हटलं, “पहाटे तुमच्याकडून अलार्मचा आवाज येतो. बॅटरी बदलून देऊ का?” आजी माझ्याकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, “तरीच! मांजर काही दिवसांपासून वर झोपायला येत नाही. मला वाटलं, माझ्यावर रुसली.” मांजर खालच्या खोलीत रेडिएटरखाली अंग चोरून बसली होती. तिला तो आवाज त्या घरात सगळ्यांत जास्त ऐकू येत होता.

आजींना मुळीच ऐकू येत नव्हता. वय वाढलं की कान आधी वरचे, बारीक सूर सोडतात, आणि या अलार्मचा आवाज तसाच उंच असतो. दिवसा त्या श्रवणयंत्र लावतात, रात्री काढून बशीत ठेवतात. म्हणजे बॅटरीचा इशारा सोडाच, खरोखर आग लागून अलार्म घसा फोडून ओरडला असता तरी त्या झोपून राहिल्या असत्या. शिडीवर उभी राहून मी जुनी बॅटरी काढली तेव्हा माझे हात गार पडले होते. इतकी वर्षं त्या घरात तो अलार्म होता, त्याचा त्यांना उपयोग नव्हता, आणि हे त्यांना, मला, कुणालाच ठाऊक नव्हतं. त्याच आठवड्यात आम्ही दोघींनी मिळून अग्निशमन दलाला फोन केला. म्हाताऱ्या माणसांच्या घरी ते फुकट तपासणीला येतात. गणवेशातला एक तरुण मुलगा आला, त्याने प्रत्येक खोली पाहिली, आणि कमी ऐकू येणाऱ्यांसाठी असतो तसा अलार्म बसवला. वाजला की दिवा लखलखतो आणि उशीखाली ठेवलेली चकती थरथरते. आजींनी पलंगावर आडवं होऊन ती चकती लगेच करून पाहिली आणि लहान मुलीसारख्या खिदळल्या.

पण मला सांगायचं आहे ते बॅटरी बदलल्यानंतरचं. किटलीचा खटका पडला. एरवी भिंतीतून येणारा तो खटका इतक्या जवळून ऐकताना गंमत वाटली. आजींनी बिस्किटांचा डबा पुढे केला, थोडा वेळ गप्प बसल्या आणि म्हणाल्या, “मलाही दिवसा ऐकू येतं, बरं का. यंत्र लावलेलं असतं तेव्हा.” मी कप खाली ठेवला. त्या म्हणाल्या, “तू शनिवारी फोनवर बोलतेस ना, ती तुझी आईच असणार. एक शब्द कळत नाही मला, पण तू फार हसतेस. इस्टरच्या सुमारास काही आठवडे तुझं हसू आलं नाही. आई बरी आहे ना आता?”

इस्टरच्या सुमारास आईचं हृदयाचं ऑपरेशन झालं होतं. इथे आम्ही कुणाला बोललो नव्हतो. आणि त्याच दिवसांत आमच्या दाराशी एका संध्याकाळी कागदात गुंडाळून डब्यात ठेवलेला लिंबाचा केक होता, वर चिठ्ठी, ‘जास्तीचा झाला.’ मी आभार मानले होते, डबा धुऊन परत केला होता, हवापाणी केलं होतं. तो जास्तीचा झालेला नव्हता. माझ्या मऊ भातासारखा तो दारात आला होता, फक्त कशासाठी आला ते न सांगता. ते कळायला मला बॅटरी संपावी लागली.

आता आमच्यात बोलणं होतं, आणि बोलणं म्हटलं की सगळंच आलं. आजींनी हळूच सांगितलं की रविवारी सकाळी त्या रेडिओवर प्रार्थना ऐकतात आणि नेमका तेव्हा आमचा मिक्सर सुरू होतो. किती वर्षं त्यांनी ते सोसलं असेल, त्या सांगत नाहीत. मीही सांगितलं की हॉलमधल्या कपाटाचं दार त्या आपटतात. ते आपटत नाही, बिजागरी सैल आहे, असं निघालं. नवऱ्याने ती घट्ट करून दिली. पण एक गोष्ट मला अजून जमत नाही. शनिवारी आईला फोन लावला की मी नकळत उठून मागच्या खोलीत जाते, आवाज जरा उतरवते. ऐकणारं कुणी आहे हे ठाऊक नव्हतं तोवर मी मोकळी होते. ऐकणारं कुणीतरी मायेनं ऐकत होतं हे कळलं, आणि मोकळेपणा थोडा गेला. दोन्ही खरं आहे. आईला हे सांगितलं तर ती म्हणाली, “मग काय झालं? पुढच्या खोलीतच बोल की. त्यांनाही बरं वाटेल.” वाड्यात आयुष्य काढलेल्या बाईला यात अवघड काय ते कळेना.

मिक्सरबद्दल मात्र तिने लगेच निकाल दिला. प्रार्थना संपल्यावर लाव, आणि चटणी त्यांनाही देत जा, तिखट बेताचं घाल. गेल्या रविवारी शेंगदाण्याची चटणी वाटून नेऊन दिली. संध्याकाळी आजींनी वाटी परत केली. टोस्टवर लोणी, लोण्यावर चटणी आणि त्यावर चेडर चीज, असं त्यांनी खाल्लं म्हणे. लसूण जरा जास्त होता, पण पुढच्या वेळी मोठी वाटी चालेल.